हँडलचा ब्रॅकेट आणि आत्याचा मान

माझ्या भावाला एखादी गोष्ट अडचणीची वाटली की तो ती कापून टाकतो. गोठ्यापुढचा लिंब त्यानं असाच कापला, आणि वडिलांच्या मोटारीच्या पुढचा ब्रॅकेटही असाच गॅसकटरनं उडवला. गेल्या दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या विजयी मिरवणुकीत गाडीच्या तोंडावर हार अडकवायला पाइपची चौकट बसवायची होती. त्या चौकटीच्या वाटेत हा लोखंडाचा तुकडा येत होता. कापलेला तुकडा भंगारवाल्यानं नेला. मला कळलं ते त्याच्या मुलाच्या, माझ्या भाच्याच्या, लग्नाची तारीख ठरल्यावर, भावाचा फोन आला तेव्हा.

"आक्का, गाडी चालू हुईना. सेल्फ जळालाय. हँडल मारावं तर ते हलतंय नुसतं, धरत न्हाई."

"हँडलचा ब्रॅकेट कुठंय?"

"कसला ब्रॅकेट? ते म्होरं लोंबत हुतं ते व्हय? ते काढून टाकलं की मागंच."

मी फोन ठेवला आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकावर उगाच खेकसले. श्रीरामपुरात आमचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गल्ल्यावर नवरा बसतो आणि कोणतं बेअरिंग कुठल्या ट्रॅक्टरला लागतं ते मी सांगते. त्या माणसाला हवं ते फिल्टर मी समोर आपटलं.

ज्यांनी हँडलवरची गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. जुन्या मोटारीला बॅटरीनं दगा दिला तर लोखंडाचा लांब, वाकडा दांडा पुढून आत घालून इंजिन हातानं फिरवायचं. हा दांडा रेडिएटरच्या खालून आत जातो आणि त्याचं टोक इंजिनाच्या दात्यात अडकतं. पण तो जड असतो, अधांतरी राहिला की झुकतो. म्हणून गाडीच्या पुढच्या पट्टीला एक ब्रॅकेट असतो, त्याला भोक आणि भोकात पितळी बुश. दांडा त्यातून गेला की सरळ राहतो. ब्रॅकेट नसेल तर दांडा तिरका बसतो, दात अर्धेच धरतात आणि ऐन जोरात असताना सुटतात. इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट गेलंच म्हणून समजा. एवढासा तुकडा, पण तो नसेल तर गाडीपुढे उभं राहू नये.

ही गाडी वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, भंगारातून उभी केली होती. आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. एका साहेबाची विलायती बनावटीची काळी मोटार कारखान्याच्या आवारात सडत पडली होती. ती आबांनी घरी आणली आणि सुट्टीच्या दिवशी उघडून बसले. भावाला त्यात रस नव्हता, तो गावात उंडारायचा. मी मात्र आबांच्या हाताखाली पाने दिले, कानस चालवली, ग्रीसनं कोपरापर्यंत माखले. आई ओरडायची, पोरीचे हात बघा, कोण करील हिला. आबा म्हणायचे, हात बघून करणारा नकोच आपल्याला. एवढं एक वाक्य मी सासरी जाताना बरोबर नेलं.

आमच्या राहात्याकडच्या गावात मग त्या गाडीशिवाय परण्या निघेना. लग्नाच्या दिवशी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो परण्या. घोड्यापेक्षा आबांच्या मोटारीचा रुबाब जास्त. आणि गावानं त्यात आपला एक मान घुसडला. मानपानाशिवाय आमच्याकडं पानसुद्धा हलत नाही. गाडीचं हँडल मारायचा मान नवरदेवाच्या मामाचा. मामाला फेटा बांधायचा, हँडलला कुंकू लावायचं आणि मग मामानं गाडी चालू करायची. आता मामा कोण असायचा? कुणी शाळेत शिपाई, कुणी दूध घालणारा. हँडल कसं धरतात हे त्याला ठाऊक नसायचं. म्हणून आबा पहाटेच गाडी मागं नेऊन स्वतः चालू करायचे, चांगली तापवायचे आणि दारात आणून बंद करायचे. तापलेलं इंजिन लगेच धरतं. मामानं एक झोका दिला की गाडी सुरू, टाळ्या, फटाके, आणि मामाची छाती दुप्पट. आबा लांब उभे राहून बिडी ओढत असायचे. मला राग यायचा. "खरं काम तर तुमीच केलंय की," मी म्हणायचे. आबांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

आबा गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आधीच भावानं जमिनीचा विषय काढला. आमच्याकडं बहिणीनं हक्क सोडायचा असतो. कायद्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं, पण हिस्सा मागणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही. कचेरीत जाऊन सही करायची, मग भाऊ साडीचोळी करतो, जेवायला पुरणाची पोळी असते आणि सगळे म्हणतात, बहीण असावी तर अशी. मीही सही केली. नवरा म्हणाला, विचार कर. मी म्हणाले, मला जमीन नको, मला फक्त आबांची गाडी पाहिजे. भावानं कचेरीच्या पायरीवर माझा हात धरला. "आक्का, गाडी तुझीच. तिला कोन हात लावतंय?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खोटं रडत नव्हता, हे मला आजही मान्य आहे. त्याला रडायला येतंच लगेच.

पण गाडी राहिली तिथंच. आमची गल्ली अरुंद, दुकानामागं ठेवायला जागा नव्हती. दर दिवाळीला भाऊबीजेला जायचे, ओवाळून झालं की साडी खोचून गाडीखाली शिरायचे. तेल बघायचं, टायरमध्ये हवा, पत्र्याला जिथं गंज येतो तिथं घासून रंग. भावजय म्हणायची, आक्का माहेरपणाला येतात की गॅरेजला? मी हसायचे. वाटायचं, आपली गाडी आपण बघतोय. गाडी तिथं होती आणि मी इथं, आणि मधल्या काळात भाऊ ती मिरवणुकीला, वाढदिवसाला, कुणाच्या तरी दुकानाच्या उद्घाटनाला देत होता. ते मला फोटोंतून कळायचं.

यंदा आम्ही दुकानामागची पडकी भिंत काढली आणि पत्र्याचं शेड घातलं. खास गाडीसाठी. म्हणून भावाचा फोन आला तेव्हा राग गिळून मी त्याला परत फोन केला. म्हणाले, ब्रॅकेट मी करते, बसवते, परण्याला गाडी चालू करून देते. पण लग्न झालं की मी गाडी श्रीरामपूरला नेणार.

"ने की. लग्न तर हुऊ दे," तो म्हणाला.

एवढ्यावर मी कामाला लागले. आता वाटतं, त्या वाक्यात हो कुठं होतं? पण आपल्याला पाहिजे ते आपण ऐकतो.

माप घ्यायला गेले तेव्हा ती हारांची चौकट तशीच होती, गंजलेली, एका कोपऱ्यात सुकलेल्या झेंडूची दोरी. आधी ती काढली. ब्रॅकेटचे बोल्ट जिथं होते तिथली पट्टी कटरनं वेडीवाकडी झाली होती, ती कानशीनं सरळ केली. मग हँडल आत घालून दात्यात अडकवलं, सुतळीनं वर बांधून सरळ धरलं आणि भोक नेमकं कुठं यायला हवं ते पुठ्ठ्यावर आखून घेतलं. भावाला म्हटलं, जरा दांडा धर. त्यानं धरला, पण दुसऱ्या हातात फोन होता आणि मांडववाल्याशी भांडण चाललं होतं. दांडा हलत राहिला. शेवटी मी तो माझ्या खांद्यावर घेतला आणि मान वाकडी करून आखलं.

श्रीरामपुरात आमच्या दुकानाच्या ओळीतच लेथवाले चाचा आहेत. त्यांच्याकडं पुठ्ठा नेला. त्यांनी चष्मा वर केला.

"बेटा, या जमान्यात हँडल? भावाला सांग, सेल्फ बसव."

"मिळत नाही चाचा त्या गाडीचा."

"मग नवरदेवाला घोडा आणा. घोड्याला सेल्फ लागत नाही."

मी हसले. त्यांनी पट्टी कापली, वाकवली, पितळेचा बुश करून बसवला. काम चालू असताना त्यांनी सहज विचारलं, "गाडी कोणाची?"

"माझी."

"मग ती तिकडं का?"

मी म्हटलं, लग्न झालं की आणणार आहे. त्यांनी मान डोलावली आणि लेथ चालू केलं.

ब्रॅकेट घेऊन गेले तर बसेना. म्हणजे बोल्ट बसले, पण दांडा बुशातून गेला की दात्यापाशी अडायचा. मी हबकले. मग लक्षात आलं. इंजिनाखालचे रबर पार दबले होते म्हणून मी मधल्या काळात नवे पाठवले होते, आणि भावानं गावातल्या मेकॅनिककडून ते घातलेही होते. इंजिन वर उचललं गेलं, दाते वर गेले, आणि माझं भोक खालीच राहिलं. माप घेतलं होतं बसलेल्या इंजिनावर. आबांनी रबर आधी घातले असते, माप नंतर घेतलं असतं. मला घाई होती. कसली घाई होती, तर शेडमध्ये गाडी बघायची.

नवा ब्रॅकेट करायला वेळ नव्हता. बोल्टची भोकं कानशीनं उभी लांबट केली, म्हणजे ब्रॅकेट थोडा वर सरकवता येईल. घराच्या ओट्यावर पाहुण्या बाया पापड वाळवत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी दिवसभर कानस चालवत होते. एक म्हणाली, "आत्याबाई, नातीला खेळवायच्या वयात ह्ये काय घिऊन बसल्या?" मी म्हटलं, "हीच माझी नात." सगळ्या हसल्या. भावजयीनं चहा पाठवला, साखर जास्त घालून.

मग प्लग काढले, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. बोल्ट सैल ठेवून दांडा घातला, दात्यात अडकवला आणि हळूहळू फिरवत राहिले. दांडा बुशाला एका बाजूला घासत होता. मागं एक वायसर घातलं. तरी घासला. वायसर काढून पातळ पत्र्याची चकती घातली. पुन्हा फिरवलं, बोल्ट थोडा आवळला, पुन्हा फिरवलं. हे काम घाईनं होत नाही. बोल्ट एकदम आवळला तर ब्रॅकेट आपली जागा सोडतो. आवळत गेले, फिरवत गेले, आणि एका क्षणी दांडा असा फिरायला लागला की हाताला काही लागेचना. घासणं नाही, अडणं नाही. बुशात ग्रीस भरलं. प्लग लावले, चोक ओढला, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला, आबांनी शिकवलं होतं तसा. अंगठा दांड्याला वेढून कधी धरायचा नाही, झटका आला की तोच पहिला मोडतो. आणि दांडा खाली दाबायचा नाही, वर ओढायचा. ओढला. इंजिन खोकलं. पुन्हा ओढला आणि गाडी सुरू झाली.

मी गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिले. टप थरथरत होता. मला रडू आलं. एवढा आनंद मला माझ्या मुलांच्या निकालालाही झाला नव्हता, खरं सांगते. भाऊ धावत आला. "आक्का, तू म्हंजी आबाच हाय बघ!" त्यानं मला मिठी मारली. त्याच्या नव्या शर्टाला ग्रीस लागलं तरी त्यानं सोडलं नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटे उठून मी गाडी मागं नेली, तापवली, दारात आणून बंद केली. मग अंघोळ करून पैठणी नेसले. मामाला फेटा बांधला, हँडलला कुंकू लागलं. मामानं अंगठा वेढून धरला होता. मी पुढं होऊन तो सोडवला, तर तो म्हणाला, "ताई, राहू द्या, आमाला कळतंय." एक झोका, गाडी सुरू, टाळ्या. ताकापुरती आजी आणि कामापुरता मामा म्हणतात. आत्याला त्या म्हणीत जागा नाही, ती कामालाही असते आणि ताकालाही. तरी मनाशी म्हटलं, आजचा दिवस, मग गाडी माझ्या दारात. मोठ्या रस्त्यानं चालवत न्यायला मी नवऱ्याला सकाळीच श्रीरामपूरहून बोलावून घेतलं होतं. बाभळेश्वरवरून हळूहळू गेलो तरी दिवेलागणीच्या आत पोचलो असतो.

लग्न रस्त्यावरच्या मोठ्या लॉन्सवर होतं. अक्षता पडल्या, पुढाऱ्यांचे सत्कार झाले, प्रत्येकाला शाल, फेटा, नारळ. मग निवेदकाचा आवाज एकदम मऊ झाला. "आता एक भावनिक क्षण. नवरदेवाच्या आत्याबाईंना मी विनंती करतो, त्यांनी व्यासपीठावर यावं." मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पण बोलावलं की आत्यानं जायचं असतं. भाचरं टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, ब्रॅकेटचं कौतुक करणार असतील. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पदर सारखा करून मी वर गेले.

भावजयीनं माझ्या डोक्यावर फेटा ठेवला. भावानं एक ताट माझ्या हातात दिलं. ताटात गाडीचं हँडल, घासून चकचकीत केलेलं, त्याला लाल रिबीन. आणि निवेदक म्हणाला, "आजोबांच्या लाडक्या गाडीचा वारसा आज नातवाकडं सुपूर्द होत आहे, आत्याबाईंच्या शुभहस्ते!"

फटाके लागले. भाचा माझ्या पाया पडला. ताट जड होतं, माझे हात भरून आले होते आणि समोर फोटोवाला ओरडत होता, "आत्या, इकडं बघा, हसा थोडं." भाच्यानं दोन्ही हात पुढं केले. मी ताट दिलं.

नवरा खाली खुर्चीत बसला होता. तो उठून उभा राहिला होता. त्याच्याकडं बघायची मला लाज वाटली.

जेवणाच्या पंगतीमागं, आचाऱ्याच्या भट्टीजवळ मी भावाला गाठलं. त्याच्या हातात गुलाबजामची वाटी होती, कुणा पाहुण्याला वाढायला चालला होता.

"गाडी माझी होती," मी म्हणाले.

"तुझीच हाय की. पोरगं काय परकं हाय?"

"तू कचेरीच्या पायरीवर शब्द दिला होतास."

"आक्का, आजच्या दिवशी नको ना." मग त्याचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "मान तर तुलाच दिला. बायको म्हनत हुती मामाच्या हातानं द्या. मी म्हनलं न्हाई, आक्काच्याच हातानं. सगळ्या गावानं बघितलं, तू दिलीस."

"मला विचारलं होतंस?"

"आन् पटत नव्हतं तर तवाच बोलायचं. माईक तर तुझ्या तोंडाशीच हुता."

तो वाटी घेऊन पुढं गेला. मी भट्टीच्या धगीत उभी राहिले. चारशे माणसांसमोर, फेटा बांधलेला असताना, पाया पडणाऱ्या पोराला कोणती आत्या नाही म्हणेल? हे त्याला माहीत होतं का? मला वाटतं, त्याला एवढी अक्कल नाही. त्याला खरंच वाटलं की त्यानं माझा मान केला. कुणी जाणूनबुजून तोंडाला पानं पुसली तर त्याच्याशी भांडता तरी येतं. पानं पुसणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी असेल तर काय करायचं?

निघताना साडी मिळाली, भारीतली. आम्ही एसटीनं परत आलो. घरी आल्यावर मागं जाऊन नवऱ्यानं शेडमध्ये दुकानातल्या मालाची खोकी लावायला घेतली.

पुढच्या आठवड्यात लग्नाचा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आला. मी सकाळी चहा घेताना पाहिला. त्यात मी फेट्यात उभी आहे, ताट पुढं करते आहे आणि हसते आहे. नुसती ओठांनी नाही, चांगली दात दाखवून हसते आहे. खाली सगळ्यांनी हात जोडले होते, कुणी लिहिलं होतं, अशी आत्या सगळ्यांना मिळो. भावानं लिहिलं होतं, आमची आक्का म्हणजे देवमाणूस.

मी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं, "ती गाडी माझी होती. मी दिली नाही." आणि पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा माहेरच्यांसमोर एवढं बोलले होते.

सगळ्यांनी वाचलं, ते फोनवर कळतं. मग भावजयीनं दव पडलेल्या गुलाबाचं चित्र टाकलं, त्यावर लिहिलेलं, शुभ सकाळ. आणि त्या गुलाबाला मात्र सगळ्यांनी उत्तर दिलं.